हैबती वर येतो

एका गावात एक भोळा जावई होता. नाव हैबती. हैबत म्हणावी तर फक्त त्याच्या घोरण्याला.

बायको हौसा माहेरी जाऊन बसली. आणायला गेला, तर सासरे म्हणाले, "आधी आयुष्यात वर या, जावईबापू. मग पोरीला न्या."

वर यायचं कसं? हैबतीनं बहिणीच्या नवऱ्याला गाठलं. हे दाजी विमानतळावर बॅगा उचलायचे. त्यामुळं वर जाण्याच्या बाबतीत गावात त्यांचाच शब्द शेवटचा.

"सोपं आहे," दाजी म्हणाले. "विमान बघ. पंखाची पुढची कड जरा वर असते. नाक वर ठेव."

हैबती नाक वर ठेवून सासुरवाडीला गेला. अंगणात सासूबाईंचे पापड वाळत होते. आभाळाकडं बघत तो पहिल्या पापडापासून शेवटच्यापर्यंत चालला.

"नुसतं नाक वर करून काय होतं?" दाजी म्हणाले. "वेग पाहिजे, वेग! वेग गेला की विमान पडलंच."

दुसऱ्या दिवशी सासरे पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभे. हैबती भरधाव आला, "रामराम मामा!" म्हणाला आणि भरधाव गेला. पुढच्या गावात बैलगाडीला धडकला, तेव्हा कुठं टेकला.

"वारा पाठीवर घेऊन पळालास, शहाण्या! विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं."

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याला खळ्यावर धान्य उफणायला उभं केलं. हैबतीनं वाऱ्याकडं तोंड केलं आणि पाटी ओतली. अर्धा भुसा त्यानं खाल्ला, उरलेला मागं उभ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत गेला.

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे टोणग्या, मुद्दा ऐक. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा त्याला वर ढकलते. खाली ढकलशील तेवढा वर जाशील."

"एवढंच?"

"एवढंच. शहरात सगळे असेच वर गेलेत."

चौथ्या दिवशी सासरे सुजलेले डोळे धुवायला विहिरीवर गेले. दिसेना, पाय घसरला. काठ धरून लोंबकळू लागले. हौसा किंचाळली. इतक्यात हैबती आला.

"जावईबापू, धावा! वर!"

हैबतीनं वाऱ्याकडं तोंड केलं. नाक वर केलं. वेगानं आला. आणि सासऱ्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून त्यांना खाली ढकललं.

धबाक!

पाणी गळ्याएवढंच होतं, म्हणून सासऱ्यांना ओरडता तरी आलं. "अरे मेल्या, हे काय केलंस?"

हैबती काठावर चवड्यांवर उभा होता, दोन्ही हात पसरून.

"जरा दम धरा, मामा. येतोच आहे वर. हौसा, तू गाठोडं बांध."