चौकोनी बुटांची अक्षरं

एकेक अक्षर हाताने जुळवून छपाई व्हायची, तेव्हाची गोष्ट. दाजिबांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची नाजूक अक्षरं शेजारच्या जाड अक्षरांना फार हसायची. त्या जाड्यांच्या प्रत्येक रेषेच्या टोकाला विटेसारखा चौकोनी पाय होता. “काय हो, बूट घालूनच झोपता का?”

एकदा गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं. ‘पाणी पिऊ नका’ ही सूचना छापायला नाजूक अक्षरंच पुढे पुढे झाली. कागद विहिरीवर लागला. सोयराबाईंनी तो लांबून पाहिला, “कुणाचं तरी लग्न दिसतंय,” म्हणाल्या आणि घागर भरून घेतली.

दाजिबांनी धावत येऊन घागर उपडी केली, आणि तीच सूचना जाड अक्षरांत छापून लावली. माणसं वाटेवरूनच माघारी फिरली.

संध्याकाळी नाजूक अक्षरांनी जाड अक्षरांना हळूच विचारलं, “ते बूट आमच्या मापाचे मिळतील?”

“मिळतील की! फक्त कंबर थोडी वाढवावी लागेल.”