आचार्यांनी ऐकणे सोडले

एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. उपदेश ते क्वचितच करीत. संध्याकाळी लोक त्यांच्याजवळ बसून मनातले बोलत आणि हलके होऊन घरी जात.

एके दिवशी कुमुदिनी नावाची नवविवाहिता आली. लग्नाआधीपासून ती नैराश्यावर औषध घेत होती आणि सासरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. "गोळी चुकली तर रात्रभर डोळा लागत नाही आणि कोणी पाहील म्हणून ती न्हाणीघरात लपून घेते," असे सांगता सांगता ती रडू लागली.

आचार्यांचा शिष्य निरंजन जवळच होता. त्याला कळवळा आला. मोबाइलवर त्याला मोफत वैद्यकीय सल्ला देणारी एक साइट सापडली. तिथे त्याने कुमुदिनीचा आजार लिहिला, आणि तिला थेट मदत मिळावी म्हणून, आचार्यांच्या भेटीची वेळ ठरवताना तिने दिलेला तिचा मोबाइल नंबरही लिहिला.

लवकरच सासरी तिचा मोबाइल वाजला. तो सासूबाईंनी उचलला.

"मॅडम, आपल्या डिप्रेशनच्या गोळ्यांवर सवलत आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

कुमुदिनीला माहेरी धाडण्यात आले. फोन तिथेही येत राहिले. कधी औषधांचे, कधी विम्याचे.

ती माहिती काढून टाकावी म्हणून निरंजनने साइट चालवणाऱ्या कंपनीला विनवण्या केल्या. उत्तर आले, 'आपली माहिती आमच्या सहयोगी संस्थांना देण्यात आली आहे. ती परत घेता येत नाही.'

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. "महाराज, माझ्या मुलानं..." एवढे तो बोलतो तोच आचार्यांनी हात वर केला.

"बाबा, पुढं बोलू नका. इथं काही सांगू नका."

म्हातारा गोंधळला. हात जोडून निमूटपणे बाहेर पडला.

निरंजन कासावीस झाला. "चूक माझी आहे, मला घालवून द्या. पण त्यांना का परत पाठवलंत? माझा फोन तर मी फोडून टाकला!"

आचार्य म्हणाले, "तू दुष्ट असतास, तर तुला घालवून मी पुन्हा ऐकायला बसलो असतो. पण तू दयाळू आहेस. तू दयेपोटीच ते लिहिलंस, आणि दया तर सगळ्यांनाच येते. उद्या इथं बसलेला एखादा शेजारी लिहील, परवा एखादी लेक लिहील. ऐकलेलं माझ्यापाशीच राहील, या विश्वासावर लोक इथं बोलत होते. तो विश्वास आता मी कोणाला देऊ?"

"मग माणसानं मन मोकळं करायचं तरी कुठं?"

आचार्यांनी फाटकाकडे पाहिले.

म्हातारा फाटकाबाहेर अजून घुटमळत होता. त्याला हाक मारावी म्हणून निरंजन उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच उभा राहिला.