गोड बोलणारी दाढ

कराडच्या दमयंतीबाई भोसेकरांची ठणकणारी दाढ डॉक्टर रेठरेकरांनी सिमेंट भरून शांत केली, तेव्हा बाई त्यांना दुवा देत घरी गेल्या. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

संक्रांतीला सकाळी बाई दाढ दाखवून आल्या आणि दुपारी सिमेंट अख्खं निघून हातात आलं. संध्याकाळी त्या पुन्हा दवाखान्यात हजर.

"माझं काम असं निघत नाही," डॉक्टर भरल्या दवाखान्यात म्हणाले. "काहीतरी कडक खाल्लंत."

"खाल्लं."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? मग पुन्हा भरायचे पैसे ज्यानं खायला घातलं त्यानं द्यावेत."

"हे नक्की?"

"अगदी नक्की."

बाईंनी रुमालातून तिळाची उरलेली अर्धी वडी काढून टेबलावर ठेवली. "सकाळी तुम्हीच माझ्या हातावर ठेवलीत, डॉक्टर."

बाकावरच्या एका आजोबांनी हातातली तसलीच वडी हळूच खिशात टाकली.

"अहो, पण ती..."

"देताना 'गोड बोला' म्हणालात, म्हणून अजून गोडच बोलतेय."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि दाढ फुकटात, पहिल्यापेक्षा जपून भरली.

रथसप्तमीला बाई डबा घेऊन आल्या. "तुमच्यामुळे सुखानं जेवते, डॉक्टर. हे तुमच्या पेशंटना वाटा."

डब्यात तिळाचे लाडू होते, बोळक्या तोंडातही विरघळतील इतके मऊ.