कोल्ह्याचं नाक

फार पूर्वी एका टेकडीवर प्रत्येक ससा आपल्या बिळाचं दार वेगळ्या रंगाच्या मातीने सारवायचा. आत डोकावणाऱ्याच्या नाकाला ती लागायचीच.

एकदा एक पिल्लू नाहीसं झालं. पहारेकरीण टिटवी ओरडली, "मुंगूसच चोर! पन्नासदा येऊन गेलंय. कोल्हेदादा बिचारे नऊदाच आले."

म्हातारं कासव म्हणालं, "फेऱ्या काय मोजतेस, बाई? नाकं बघ."

मुंगसाच्या नाकावर नुसती तांबडी माती होती. त्याचं जाणं-येणं एकाच मित्राकडे. कोल्ह्याच्या नाकावर मात्र तांबडी, पिवळी, पांढरी, काळी, सगळीच! कोल्हा पळाला.

दुसऱ्या दिवशी एक पाहुणा साळसूदपणे आला. "मी त्या कोल्ह्याचा चुलतभाऊ. रोजच येतो की मित्राकडे!"

टिटवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. अख्ख्या टेकडीवर तेवढं एकच नाक लख्ख धुतलेलं होतं.