सात शिळा आणि म्हाळसेचा घण

एका राज्यात समुद्रालाच शाप लागला होता. कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाने राजा चंद्रभानाशी वैर धरलं, मंत्र टाकला, आणि राज्याच्या टोकाच्या कातळी भूशिरापासून समुद्र तीन कोस मागे हटला. होड्या चिखलात रुतल्या, विहिरी खारट झाल्या. शाप मोडायला राजाने सहा पाथरवट धाडले. सहाही तिथेच दगड होऊन उभे राहिले. त्यांतला एक धाकोजी, म्हाळसेचा नवरा.

म्हाळसाही जातीची पाथरवटीण. राजाज्ञेची वाट न पाहता खांद्यावर घण टाकून निघाली.

भूशिरावर समुद्रगरूड बसला होता. तो म्हणाला, "बाई, कामं तीन. वरच्या तांबड्या जांभ्यात एकच छिद्र ओलं आहे, त्यातलं पाणी घणाला पाज. जांभ्याखाली पांढरी माती, तिच्यातून वाट खोदून उतर. तळाशी काळा कातळ, त्यावर सात शिळा. सहांत माणसं, एकीत मांत्रिकाचा प्राण. तेवढी फोड."

"ओळखू कशी?"

"ते तुझ्या कानाला ठाऊक."

जांभ्याला छिद्रं हजारो. म्हाळसा एकेकात बोट घालत फिरली, तिसऱ्या दिवशी ओल लागली. घण पाणी प्यायला. पांढरी माती अंगावर ढासळायची, ती पुन्हा उपसायची. नखं गेली, पण ती कातळावर उतरली.

तिने हिशेब साधा केला. माणसाच्या छातीत श्वास चालतो, म्हणून त्याची शिळा पोकळ वाजणार, मांत्रिकाची भरीव. तिने ठोकून पाहिलं. पहिली बद्द, म्हणजे पोकळ वाजली. दुसरी, तिसरीही तशीच. चौथी मात्र खणखणीत! उरलेल्या तीन ठोकून मगच घण घालावा, हे कुठलाही पाथरवट सांगेल. पण म्हाळसेला धीर कुठला? घण पडला, शिळा दुभंगली आणि भेगेतून रक्त आलं.

आत धाकोजी होता.

बारा वर्षं तो छिन्नी धरायचा आणि ती घण घालायची. घण उचलला की छिन्नी धरणारा श्वास रोखतो, हात हलू नये म्हणून. दगडाच्या आतूनही त्याने बायकोचा ठोका ओळखला आणि सवयीने श्वास रोखून धरला, म्हणून त्याची शिळा भरीव वाजली. जळो ती सवय!

"तू पाहत होतास!" म्हाळसा गरुडावर किंचाळली.

"मला सगळ्या शिळा सारख्याच दिसतात, बाई."

पाच माणसं अजून दगडात होती. म्हाळसेला त्यांचा राग आला, त्यांच्या चालत्या श्वासांचा राग आला. तरी तिने उरलेल्या शिळा ठोकल्या. सातवी खणखणीत वाजली, ती तिने फोडली. कालजिव्ह जिथे होता तिथे राख झाला. पाच पाथरवट डोळे चोळत उठले. समुद्र गर्जत येऊन कातळाला भिडला, विहिरी गोड झाल्या.

राजा पालखीतून आला. "बाई, राज्य वाचवलंस. धाकोजीच्या नावाचा स्तंभ इथे उभारू. तुझ्याच हातचा."

राजांना याहून बरं काय सुचणार!

"छिन्नी कोण धरणार, महाराज?" म्हाळसेने विचारलं.

पाचांपैकी कोणी पुढे आलं नाही.

शाप सुटला, प्रजा सुखी झाली. कथा सुफळ झाली म्हणायची, ती राज्यापुरती.