हेमांगीच्या डोमेनचा भाव

सावंतवाडीच्या हेमांगी चितारीची लाकडी खेळण्यांची वेबसाइट होती. तिचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, ज्या कंपनीकडे नोंदवलं होतं, तिने यंदा वर्षाचा दर चौपट केला. दुसरीकडे स्वस्तात सोय होत होती, पण डोमेन हलवायला लागणारा कोड या जुन्या कंपनीचे मालक टिपणीस काही देईनात. शेवटी व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात तिने त्यांना सर्वांसमोर गाठलं.

"बाई, तुमचं नाव मौल्यवान आहे, म्हणून दर वाढवला," टिपणीस ऐटीत म्हणाले.

"मग तुम्हीच विकत घ्या. तुम्ही सांगाल तो भाव."

टिपणीस हसले. "खेळण्यांचं नाव घेऊन मी काय करू? फुकट दिलंत तरी नको."

"फुकटसुद्धा नको, तर अडवून कशाला धरलंय?"

सभागृहात हशा पिकला. चहा येण्याआधी कोड तिच्या मोबाइलवर आला, आणि शेजारचे दोन व्यापारी हळूच तिला नव्या कंपनीचा पत्ता विचारू लागले.