उंबरसोंडची अकरा बांधांची वाट

समोर दिसते ती वाट उंबरसोंड गावातून निघते आणि अकरा शेतांचे अकरा बांध ओलांडून वर माळजाईच्या पठारावर जाते. देऊळ इथून नाकासमोर दिसतं, पण वाट काही नाकासमोर जात नाही. ती आधी डावीकडे त्या हिरड्याच्या झाडापर्यंत जाते, तिथून उलटी वळते, मग सिताराम ढेब्याच्या खाचराच्या कडेकडेनं रेंगाळत चढते. शहरातले पाहुणे पहिल्याच वळणावर विचारतात, ‘काका, मधून नाही का जाता येत?’ जाता येतं की. फक्त मग तुमची गोष्ट हुकते आणि माझं दम खाणं हुकतं.

आणखी एक पाहून ठेवा. कुठल्याही बांधाच्या कुंपणाला दार नाही. दोन उभे दगड आहेत, एकापुढे एक, जरासे तिरके, कमरेएवढे. माणूस अंग वळवून त्यांच्यामधून जातो आणि डोक्यावरचा भारा दगडांच्या वरून निघून जातो. पुढे पायरी असते ती वीतभर उंचीची. मी या मुलखात एकतीस वर्षं टपाल वाटलं. कुठे दार वाजवावं लागे, कुठे कुत्र्याशी बोलणी करावी लागत. या वाटेवर मला कधी कुणी अडवलं नाही. असं का, तर त्यामागे एका आंधळ्या गुरवाची आणि एका रागीट पाटलाची हकिगत आहे. आमच्याकडे ती अशी सांगतात.

फार पूर्वी इथे वाट अशी नव्हतीच. डोंगरावर गवत, सरपण आणि माळजाई, म्हणून सगळं गाव वर जायचं, पण ज्याला जिथून जवळ पडे तो तिथून चढायचा. कुणी नाचणीतून, कुणी वरीतून. मागून गुरं. एका वर्षी पाऊस कमी झाला, पीक आधीच विरळ होतं, आणि उरलंसुरलं जत्रेच्या गर्दीनं तुडवलं. अकरा शेतकरी जोत्याजी पाटलाच्या दारात येऊन बसले. त्यातला एक जण तर म्हणे पायदळी गेलेली कणसं धोतराच्या सोग्यात घेऊन आला होता.

पाटील माणूस वाईट नव्हता. रागीट होता, पण रडणाऱ्याला त्यानं कधी परत पाठवलं नाही. त्यानं पंधरा दिवसांत डोंगराचा सगळा उतार काट्यांनी बंद केला. वर जायचं तर ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जायचं, असं ठरलं. वळसा दीड कोसाचा आणि शेवाळलेल्या दगडांतून. शेतं वाचली. बायका कुरकुरल्या आणि वळशानं जाऊ लागल्या.

खरी अडचण झाली ती सिदोबा गुरवाची. माळजाईला रोज नदीचं पाणी घालायचं आणि ते गुरवानं स्वतःच्या हातानं घालायचं, ही इथली रीत. सिदोबाचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते. डोळे गेले त्या दिवशी त्यानं देवीला बोलून ठेवलं होतं, की पाय आहेत तोवर तुझं पाणी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. आणि जुन्या वाटेनं तो खांद्यावर कळशी घेऊन एकटा जायचा, एकटा यायचा. कुठे वळायचं, कुठे पाय उचलायचा, हे त्याच्या पायांना पाठ होतं. ओढ्याच्या वाटेवर त्याच पायांना काही कळेना. बायको, ठकू, हात धरून न्यायची. सकाळी निघालेली दोघं उन्हं डोक्यावर आली की परतायची. तिच्या घरचं सगळं काम तसंच पडून राहायचं.

हे रोज पाहून पाटलालाच वाईट वाटलं, असं सांगतात. त्यानं चावडीवर गावातले पाच शहाणे बोलावले. पाचही शहाणे भारदस्त होते, चांगले खाऊन-पिऊन. त्यांनी दोन दिवस विचार करून ठरवलं, की चावडीपासून देवळापर्यंत एक सरळ वाट करायची आणि गुरं शिरू नयेत म्हणून प्रत्येक बांधावर मांडीएवढ्या उंचीचा घडीव दगड बसवायचा. महिनाभर काम चाललं. वाट देखणी झाली. नारळ फुटला, पाटलानं गूळ वाटला.

आता या पाच शहाण्यांची चूक काय, तर त्यांच्यापैकी कुणीही त्या डोंगरावर ओझं घेऊन चढलेलं नव्हतं. ते वर्षातून एकदा जत्रेला जायचे, तेही हात हलवत, मागे गडी नैवेद्याची टोपली घेऊन. मांडीएवढा दगड त्यांना अडचण वाटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सिदोबा नव्या वाटेनं निघाला. पहिला दगड त्यानं हातांनी चाचपून कसाबसा ओलांडला. दुसऱ्यावरून तो कळशीसकट पलीकडे कोसळला. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. त्याला उचलून घरी आणलं, आणि त्या दिवशी माळजाईला पाणी पडलं नाही.

रीतीचा दुसरा भाग असा होता, की गुरवाच्या हातचं पाणी लागोपाठ नऊ दिवस चुकलं, तर सेवा शेजारच्या गावच्या गुरवाकडे जाते आणि परत येत नाही. सिदोबाच्या घराण्यात ती किती पिढ्या होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाटलानं चांगल्या मनानं निरोप धाडला, की माझा गडी पाणी नेईल, तुम्ही पडून राहा, तुमचं बलुतं चालू राहील. सिदोबानं निरोप्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, ‘पाटलांस्नी म्हनावं, पोटाची काळजी न्हाई मला. माजं जानं बंद करू नगा.’

दिवस जात राहिले. इकडे भाऱ्यावाल्या बायकांनीही नव्या वाटेकडे पाठ फिरवली. पहिल्या दगडाशी येऊन त्या थांबायच्या, एकमेकींकडे पाहायच्या आणि पुन्हा ओढ्याकडे वळायच्या. पाटील ओसरीवरून ते पाही आणि आतल्या आत धुमसे. सातव्या दिवशी कळलं, की डावीकडच्या अंगाला, हिरड्याच्या झाडाशी, कुणीतरी काटे तोडलेत. मग मात्र त्याचा पारा चढला. आठव्या दिवशी सगळं गाव चावडीवर जमवून त्यानं विचारलं, की वाट करून दिली तरी कुंपण तोडणारा हा कोण?

ठकू उठून उभी राहिली. म्हणाली, ‘म्या तोडलं. ह्यांच्या पायांस्नी जुनी वाट ठावं हाय. उद्या नववा दिस हाय, पाटील.’

‘आन् नवी वाट? पाच शहाण्यांनी केल्याली?’

‘लई झ्याक झालीया. बगायला. चालायला न्हाई.’ मग ती पाचांकडे वळली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, ‘तुमच्यातल्या कुनी कदी कळशी घिऊन ती चढलीया का?’

चावडीवर कुणीतरी हसलं. पाचांपैकी एकानं खोकून घेतलं. पाटलाला राग आला होता, पण बाईचा प्रश्न खरा होता आणि उत्तर त्याला ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, ‘उद्या सकाळी कळशी मी नेतो. सिदोबांनी माज्या खांद्यावर हात ठिवून यायचं. पाणी त्यांच्याच हातानं पडंल.’

नवव्या दिवशी सकाळी सारं गाव नदीकाठी आलं. जोत्याजी पाटलानं पागोटं उतरवून मुलाच्या हाती दिलं. ठकूनं चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि वर भरली कळशी. पाटलाच्या उघड्या डोक्यावर कळशी पाहणं हे गावाला नवीन होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले, म्हणे.

पहिल्या दगडावर पाटलानं पाय उचलला आणि पाणी त्याच्या कानामागून पाठीवर उतरलं. दुसऱ्यावर त्याचा तोल गेला. कळशी गेलीच होती, पण मागून सिदोबानं त्याचा खांदा घट्ट धरला. तिसऱ्या दगडासमोर पाटील उभाच राहिला. त्याला पाय उचलवेना. कळशी अर्ध्यावर आली होती आणि अजून नऊ बांध बाकी होते. दिवस वर येत होता. सिदोबाचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. उरलेलं पाणीही सांडलं, तर या माणसाचं सगळं आयुष्य आपल्यामुळे रिकामं होणार, हे त्याच्या ध्यानात आलं.

‘सिदोबा,’ तो म्हणाला, ‘तुमी आदी कुनीकडनं जात व्हता?’

‘डाव्या अंगानं. हिरड्याखालनं.’

मग सुजल्या पायाचा आंधळा पुढे झाला आणि डोळस पाटील त्याच्या मागे. जिथे बांध ठेंगणा होता तिथेच सिदोबा वळायचा. जिथे चढ अंगावर येतो, तिथे तो आडवा जाऊन चढ पायाखाली घ्यायचा. काटे आले, तिथे ठकूचा कोयता पुढे झाला. पाणी या वाटेवरही तीन ठिकाणी हिंदकळलं, पण कळशी वर पोहोचली. तळाशी चार बोटं पाणी होतं. सिदोबानं ते माळजाईवर घातलं आणि तिथेच बसून तो ढसाढसा रडला. पाटील त्याच्याशेजारी बसला. त्याचेही डोळे कोरडे नव्हते, असं सांगतात.

तिथे त्यानं देवीसमोर शब्द दिला. वाट कशी असावी हे यापुढे चावडी एकटी ठरवणार नाही. ज्याला वाट जड जाते, त्यानं आधी सांगायचं. दर वर्षी माघात, पीक घरात आल्यावर, अशी पाच माणसं वाट चालतील आणि अडेल तिथे थांबून बोलतील. त्यांचा हुकूम चालणार नाही, हुकूम पाटलाचाच. पण पाटलानं त्यांचं उभं राहून ऐकायचं, आणि वर देवळात पोहोचल्यावर एकेका गोष्टीला उत्तर द्यायचं. करणार असेल तर कधी, करणार नसेल तर का नाही.

पहिल्या वर्षीची पाच माणसं अशी. आंधळा सिदोबा, भारा वाहणारी ठकू, गुडघ्यांनी गेलेली एक म्हातारी, मेंढरं घेऊन जाणारा बिरू धनगर, आणि पाचवा तो शेतकरी, ज्यानं तुडवलेली कणसं सोग्यात आणली होती. त्याला का घेतलं, असं पुष्कळांनी विचारलं. पाटील म्हणाला, वाट त्याच्या काळजावरून जाते, त्यालाही जडच आहे. तो शेतकरी प्रत्येक बांधावर एकच म्हणायचा, की दगड खाली घेतलात तर गुरं शिरतील. त्यावर तोड काढली बिरूनं. दोन दगड तिरके उभे करा, म्हणाला. माणूस अंग वळवून जातो, म्हशीला ते जमत नाही. शेतकरी स्वतः जाऊन आपली म्हैस घेऊन आला. ती दगडांमध्ये शिंगं घालून उभी राहिली आणि थोड्या वेळानं कंटाळून परत गेली. तेव्हा कुठे तो हसला.

त्या वर्षी पाचांनी सात गोष्टी सांगितल्या. पाटलानं पाच केल्या, दोन नाकारल्या आणि कारण सांगितलं. नाकारलेल्यांपैकी एक त्यानं तीन वर्षांनी केली. उरलेली अजूनही झालेली नाही, आणि ती पाचजणांकडून दर वर्षी न चुकता सांगितली जाते. पठाराच्या तोंडाशी सावलीसाठी झाड लावा, एवढीच ती मागणी. तिथे खडक आहे, झाड लागत नाही, हे उत्तरही दर वर्षी तेच. सिदोबा त्यानंतर बारा वर्षं जगला आणि त्याच्या हातचं पाणी एक दिवसही चुकलं नाही. पाटलाच्या कळशीतून जिथे पाणी हिंदकळलं होतं, त्या तीन जागी पुढच्या दुष्काळात होळीपर्यंत हिरवं गवत होतं म्हणे. खरंखोटं माळजाईला ठाऊक.

आजही माघात पाच माणसं ही वाट चालतात. पाटलाच्या जागी आता सरपंचबाई उभ्या राहून ऐकतात. यंदाच्या पाचांत कुबडी घेणारी एक शाळकरी मुलगी होती, कडेवर तान्हं घेतलेली एक सून होती, एक धनगर, एक शेतकरी, आणि पाचवा मी. बोलावणं आलं तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो. एकतीस वर्षं ज्या वाटेनं मी पळत टपाल नेलं, ती मला जड जाते असं गावानं परस्पर ठरवलं की काय? सहा बांध मी तोंड मिटून चढलो. सातव्या बांधाशी पाय उचलला आणि गुडघ्यातून अशी कळ आली, की दगडाला धरून उभा राहिलो. ती कुबडीवाली मुलगी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, ‘आजोबा, सांगा ना. मी तर चौथ्यालाच सांगितलं.’

मग सांगितलं. इथे मला चढवत नाही, एवढंच वाक्य, पण ते ओठांवर यायला फार वेळ लागला. सरपंचबाई उभ्या होत्या, ऐकत होत्या. कुणी हसलं नाही. सिताराम ढेब्याचाच तो बांध. त्यानं पुढे होऊन विचारलं, ‘नाना, पायरी किती खाली घेऊ?’ मी बोटांनी दाखवलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चला, ऊन चढायच्या आत निघू. सातव्या बांधाशी मी मागे पडलो तर हात द्यायला थांबू नका. तिथली पायरी आता माझ्या मापाची आहे.